दही-फळांची लादी दर वेळी बर्फच होते? मोडलेली कड बघा

ना गॅस, ना ओव्हन. दही कालवायचं, फळं घालायची, ट्रेमध्ये पसरायचं आणि फ्रीझरमध्ये सरकवायचं. कृती एवढीशी असल्यामुळे बिघडली की जास्तच चिडचिड होते. माझी सलग तीन वेळा बिघडली. पहिल्या लादीवर सुरीचं टोक वाकलं. दुसरी दाताखाली करकर वाजली. तिसरी मुलांनी तोंडात धरून चोखली, त्यातला गोडवा संपवला आणि उरलेले पांढरेफटक तुकडे बशीत ठेवून निघून गेली. चव बघितली तर निव्वळ बर्फ.

तिन्ही वेळा मी एकच केलं, दही बदललं. आणि दोष दह्यात नव्हताच, निदान दर वेळी तरी नव्हता. मुलांनी टाकलेल्या त्या तुकड्यांनी मला खरं कारण दाखवलं. साखर एकीकडे आणि पाणी दुसरीकडे गोठलं होतं, म्हणूनच तर साखर चोखून काढता आली. तेव्हापासून लादी बिघडली की मी साहित्याची यादी बघत नाही, लादी मोडून तिची कड बघते.

कड कशी वाचायची

लादी फ्रीझरमधून काढल्या काढल्या हाताने मोडा. सुरीने कापलेली कड गुळगुळीत होते आणि काही दाखवत नाही. मोडलेली कड खिडकीपाशी उजेडात धरा.

तळाशी काचेसारखा पारदर्शक थर दिसला, तर दह्यातलं पाणी सुटून खाली बसलं आहे. तळापासून वरपर्यंत बारीक सुयांसारखे चमकते स्फटिक उभे दिसले, तर लादी हळू गोठली आहे. कड खडूसारखी एकसारखी, बारीक कणाची आहे, पण दात लागत नाही, तर बर्फाच्या कणांचा दोष नाही, साखर किंवा स्निग्धांश कमी पडला आहे. फक्त फळाच्या तुकड्याभोवती बर्फाचं कडं आहे, तर पाणी फळाचं आहे. आणि आतून सगळं ठीक असून वरच गारेचा भुरभुरा थर असेल, तर करण्यात काही चुकलं नाही, ठेवण्यात चुकलं. बऱ्याचदा यातले दोन दोष एकत्रच भेटतात. माझ्या दुसऱ्या लादीत तळाला काच होती आणि वर सुया.

तळाशी काच: दह्यातलं पाणी

साध्या दह्यात १०० ग्रॅममागे ८५ ते ८८ ग्रॅम पाणीच असतं. ते गोठायला लागतं तेव्हा आधी शुद्ध पाण्याचे स्फटिक होतात आणि साखर, प्रथिनं, क्षार उरलेल्या द्रवात ढकलले जातात. तो द्रव दाट होत जातो आणि जितका दाट, तितका उशिरा गोठतो. म्हणून घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांनाही थोडा भाग न गोठता राहतो. दाताला जो मऊपणा जाणवतो तो याच भागामुळे. मुलांनी चोखून घेतलेला गोडवाही तोच.

उपाय म्हणजे चक्का. ५०० ग्रॅम दही मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीत ठेवा, खाली भांडं आणि सगळं फ्रिजमध्ये. बाहेर टांगलं तर पाणी निथळेपर्यंत दही आंबट होतं आणि मग ती आंबट चव झाकायला साखर वाढवावी लागते. चार ते सहा तासांनी वजन करा. ३०० ग्रॅमच्या आसपास आलं की थांबा. रात्रभर ठेवलं तर साधारण निम्म्यावर येतं. त्याहून कोरडं करण्याच्या फंदात पडू नका, मी पडले होते. गोठल्यावर त्या लादीचा भिंतीच्या गिलाव्यासारखा भुगा झाला.

चक्का चमच्याने कालवा, मिक्सरमध्ये फिरवू नका. दही ही प्रथिनांची नाजूक जाळी आहे आणि तिने पाणी धरून ठेवलेलं असतं. पात्याने ती जाळी फाटते, पाच मिनिटांपूर्वी चमच्यावर उभा राहणारा चक्का ओतता येईल इतका पातळ होतो आणि तासाभरात तळाशी पाणी. फळाचा गर मिक्सरमधून काढायचा असेल तर वेगळा काढून मग मिसळा.

विकतचं 'ग्रीक' दही घेत असाल तर डब्यावरची प्रथिनं बघा. खरोखर निथळलेल्या दह्यात १०० ग्रॅमला साधारण ८ ते १० ग्रॅम प्रथिनं असतात, साध्यात तीन-चार. तीन-चारच दिसली तर दाटपणा बहुधा स्टार्च किंवा जिलेटिनमुळे आलेला आहे. त्यात वाईट काही नाही, गोठवताना ही दोन्ही पाणी धरून ठेवायला उलट मदतच करतात. फक्त ते निथळलेलं दही आहे असं समजून इथलं प्रमाण लावू नका.

कड चांगली, पण दगड: साखर आणि स्निग्धांश

सगळ्यात जास्त चूक इथे होते, आणि ती चांगल्या हेतूने होते. मुलांना देतोय म्हणून साखर निम्मी करायची, दही बिनसायीचं घ्यायचं आणि मग लादी फुटत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा.

गोठवलेल्या पदार्थात साखर फक्त गोडीसाठी नसते, ती पाण्याला गोठू देत नाही. एक किलो पाण्यात विरघळलेल्या पदार्थाचा एक मोल (रेणूंची संख्या मोजायचं एकक) घातला की गोठणबिंदू १.८६ अंशांनी खाली जातो. पदार्थ कोणता याला फारसं महत्त्व नाही, रेणू किती याला आहे. साध्या साखरेचा रेणू मोठा असतो. मधातले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज त्याच्या निम्म्या वजनाचे. त्यामुळे मधातलं पाणी वजा केलं तरी तेवढ्याच वजनाच्या साखरेच्या साधारण दीडपट मऊपणा मध देतो. ३०० ग्रॅम चक्क्याला मी ३० ग्रॅम पिठीसाखर आणि २० ग्रॅम मध घेते. नुसता मध घातला तर तुकडा बोटांत धरेपर्यंत चिकट होतो. एक वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचं असेल तर मध अजिबात नको, त्यातून बाळांना बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

साखर पूर्ण विरघळलीच पाहिजे. तळाशी दाणे राहिले तर ते गोड लागतील, पण पाण्याला अडवणार नाहीत. स्टीव्हियासारख्या शून्य कॅलरीच्या गोडीचंही तेच. चिमूटभरात गोड होतं, पण रेणूच इतके कमी की लादी दगड ती दगडच. साखर टाळायचीच असेल तर पूर्ण पिकलेलं, सालीवर काळे ठिपके आलेलं केळं कुस्करून घाला. त्यातली साखर आणि गर दोन्ही कामाला येतात.

मिश्रण चाखताना ते थोडं जास्तच गोड लागलं पाहिजे. थंड जिभेला गोडी कमी कळते. खोलीच्या तापमानाला 'अगदी बेताचं' वाटलेलं मिश्रण गोठल्यावर फिकं लागतं.

स्निग्धांशाचं थोडक्यात सांगायचं तर सायीसकट दुधाचं दही घ्या. बिनसायीचं असेल तर दोन-तीन चमचे घट्ट क्रीम मिसळा. स्निग्धांशाचा बर्फ होत नाही, शिवाय तो बर्फाच्या कणांमध्ये येऊन त्यांना एकसंध होऊ देत नाही. दुधाची पावडर एक-दोन चमचे चालते, पाणी शोषून घेते. त्याहून जास्त झाली की वेगळीच करकर सुरू होते. ती बर्फाची नव्हे, दुधातल्या साखरेची. ओळखायची खूण सोपी आहे. बर्फाचा कण जिभेवर विरघळतो, हा वाळूसारखा तसाच राहतो.

हे सगळं बदलण्याआधी एक करून बघा. लादी बाहेर काढून तीन ते पाच मिनिटं ठेवा आणि मग खा. उणे १८ अंशांवरून थेट तोंडात गेलेली कुठलीही वडी कडकच लागते. विकतच्या आइस्क्रीममध्ये घुसळून भरलेली हवा असते, आपल्या लादीत ती नाही.

सुया: हळू गोठणं

एक ग्रॅम पाणी एक अंशाने थंड करायला ४.२ ज्यूल उष्णता काढावी लागते. शून्य अंशाच्या त्याच एक ग्रॅम पाण्याचा बर्फ करायला ३३४ ज्यूल. म्हणजे जवळजवळ ८० पट. फ्रीझरचा खरा घाम इथे निघतो. मिश्रण शून्याच्या खाली पोचतं आणि तिथेच रेंगाळतं. जितकं रेंगाळेल तितके मोजके स्फटिक मोठे होत जातात. कण साधारण ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढे गेले की जिभेला खरखर कळते.

म्हणून थर पातळ हवा, सहा ते आठ मिलिमीटर. जाडी दुप्पट केली तर गोठायला दुप्पटीहून बराच जास्त वेळ लागतो, कारण आतली उष्णता आधीच गोठलेल्या थरातून बाहेर यायची असते. ट्रे धातूचा घ्या आणि अर्धा तास आधी रिकामाच फ्रीझरमध्ये ठेवा. मिश्रणही फ्रिजमध्ये गार करून मगच ओता. माझ्या पहिल्या लादीच्या वेळी मी जाड काचेचं भांडं घेतलं होतं आणि ते वाटाण्याच्या पिशव्यांवर, फ्रीझरच्या तळापासून वीतभर वर ठेवलं होतं. खालून गारवा पोचायला वाटच नव्हती. आता ट्रे थेट तळावर जातो आणि दोन-अडीच तासांत लादी तयार होते. या वेळात दार उघडून 'झालं का' बघायचं नाही. हे सांगायला सोपं आहे.

लादीऐवजी डब्यात जाड गोठवत असाल तर दर अर्ध्या तासाने काट्याने कडेचा बर्फ मोडून मध्ये ढवळा, तीन-चार वेळा. पातळ लादीला हे करू नका, ती नुसती विस्कटते.

फळाभोवतीचं कडं

कलिंगडात ९२ टक्के पाणी, स्ट्रॉबेरीत ९१, केळ्यात ७५. हे आकडे डोक्यात असले की कुठलं फळ त्रास देणार हे आधीच कळतं. कलिंगडाचा तुकडा लादीत घातला की तो खडाच होतो. केळं, आंबा, चेरी, ब्लूबेरी निमूटपणे वागतात. स्ट्रॉबेरी हवीच असेल तर तीन मिलिमीटरच्या पातळ चकत्या करा. किंवा चिरून चमचाभर साखर लावून अर्धा तास ठेवा. साखर फळातलं पाणी ओढून काढते. तो रस निथळून पिऊन टाका आणि उरलेल्या फोडी लादीत घाला. साखर लावलेली फळं रसासकट घातली तर तेवढं पाणी आपणच ओतलं.

धुतलेली फळं पूर्ण पुसा. टिपून नव्हे, फडक्यावर पसरून दहा मिनिटं ठेवून. गोठवलेली फळं वापरत असाल तर ती वितळू देऊ नका, थेट वापरा. गोठताना बर्फाने त्यांच्या पेशींच्या भिंती फोडलेल्या असतात, त्यामुळे वितळली की रस सगळा बाहेर.

किवी, अननस आणि पपई ही वेगळीच जात. कच्च्या रूपात या तिन्हींत प्रथिनं तोडणारे एन्झाइम असतात. एकदा मी किवी मिसळलेलं दही रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं आणि सकाळी बघते तर पातळ पाणी, वर कडू. खापर अर्थातच दह्यावर फोडलं. ही फळं दह्यात मिसळू नका. थर ओतल्यावर वरून मांडा आणि लगेच गोठवा. गोठल्याने एन्झाइम नष्ट होत नाही, नुसता थंडावतो. डब्यातला अननस चालतो, कारण डबाबंद करताना तो तापवलेला असतो.

दह्यात बुडवलेल्या द्राक्षांवरून किंवा बेरींवरून दही घसरत असेल तर फळ ओलं आहे किंवा दही पातळ. फळ कोरडं करून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, पुसा, दाट चक्क्यात बुडवा, वीस मिनिटं गोठवा आणि पुन्हा बुडवा. एकाच जाड थरापेक्षा दोन पातळ थर चांगले चिकटतात. लहान मुलांना अख्खं द्राक्ष देऊ नका, गोठलेलं तर नाहीच. घशात अडकतं. उभे चार भाग करून मगच बुडवा.

आणखी एक, गोठवलं की जंतू मरतात हा गैरसमज आहे. २०१२ मध्ये जर्मनीत गोठवलेल्या स्ट्रॉबेरींमधून उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस पसरून जवळपास ११ हजार जण आजारी पडले होते. फळं घालण्याआधी धुवायचीच, आणि दोन तासांहून जास्त बाहेर राहून वितळलेला खाऊ परत गोठवायचा नाही.

वरचा भुरभुरा थर

पहिल्या दिवशी छान, आठव्या दिवशी गारेने भरलेली. आपोआप डीफ्रॉस्ट होणारे फ्रीझर ठरावीक वेळाने आतली कॉइल तापवतात. तेवढ्यात आतली हवा किंचित कोमट होते, लहान कण वितळतात आणि पुन्हा गोठताना मोठ्या कणांना चिकटतात. लादीतलं थोडं पाणी वाफ होऊन थेट डब्याच्या झाकणावर जाऊन बसतं. लादी पूर्ण गोठल्यावर तुकडे करा, मध्ये बटर पेपर घालून लहान डब्यात गच्च भरा आणि डबा आत मागे ठेवा, दारात नाही. डब्यात जितकी हवा कमी तितकं बरं. दोन आठवड्यांत संपवा. पुढे खराब होतं असं नाही, पण चव फ्रीझरची लागायला लागते.

उरलेल्या बारीकसारीक तक्रारी

ट्रेला चिकटते: बटर पेपर घाला, कडेला दोन बोटं वर येऊ द्या म्हणजे लादी उचलता येते. कुल्फीच्या साच्यातून काडी निघते, पण कुल्फी नाही: साचा कोमट पाण्यात दहा ते पंधरा सेकंद धरा. साचा भरताना वर अर्धा सेंटिमीटर मोकळा ठेवा, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. कुरकुरीत ओट्स किंवा सुकामेवा मऊ पडतो: मिश्रणात कालवू नका, ओतून झाल्यावर वरून दाबा. चॉकलेट वितळवताना दाणेदार गोळा होतो: भांडं किंवा चमचा ओला होता, एक थेंबही पुरतो.

हातात पटकन वितळते, ही तक्रार मी तक्रार मानत नाही. स्थिरता देणारे पदार्थ नाहीत, थर पातळ आहे, ती वितळणारच. वाढायची ताटली आधी फ्रीझरमध्ये ठेवा आणि थोडे थोडे तुकडे बाहेर काढा.

बिघडलेल्या लादीचं काय करायचं

टाकू नका. वितळवून पुन्हा तशीच गोठवूही नका, पुढच्या खेपेला सुया आणखी मोठ्या होतील. लादीचे बोटाएवढे तुकडे करा, त्यात एक गोठवलेलं केळं आणि चमचाभर मध घालून मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. सुरुवातीला नुसता खडखडाट होतो आणि भांड्याच्या कडेला भुगा चिकटतो. तो चमच्याने खाली ओढत राहा. दोनेक मिनिटांत पात्याचा आवाज बदलतो, खडखड थांबते आणि मिश्रण एकदम गोळा होऊन मऊ फिरायला लागतं. इथे मिक्सर बंद करा आणि लगेच वाट्यांत काढा. माझ्या तिन्ही लाद्या अशाच संपल्या, आणि मुलांनी त्या वेळी बशीत काही ठेवलं नाही.